रंगपंचमीला पासफ्रेजची चौकट कुठे गेली?

इंदूरला रामबागेत एक जुना वाडा आहे. खाली हिशेबाचं ऑफिस, वर ते चालवणारे काका आणि काकू. पीथमपूर आणि सांवेर रोडवरच्या काही छोट्या कारखान्यांचे पगारपत्रक, पीएफ, टीडीएस ही सगळी कामं इथून होतात. ऑफिसात एकच जरा बरं मशीन आहे. त्यावर उबुंटू 22.04 (विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स) मी स्वतः टाकून दिलं होतं, म्हणून त्याचं काही बिघडलं की फोन मला येतो. पैसे घेत नाही, काकूंच्या हातची पुरणपोळी घेतो.

कारखान्यांना जाणारी पगाराची फाइल नुसती ईमेलला जोडून पाठवायची नाही, असं दोन ग्राहकांनी तीन-चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. म्हणून जीएनयूपीजी (थोडक्यात जीपीजी) हे फाइल कुलूपबंद करणारं, सही करणारं सॉफ्टवेअर आलं. त्यांच्या सार्वजनिक किल्लीने फाइल कुलूपबंद करायची, आपल्या खाजगी किल्लीने सही करायची आणि मग पाठवायची. काकांसाठी डेस्कटॉपवर एक आयकॉन करून दिला होता. त्यावर डबल-क्लिक केलं की पासफ्रेज, म्हणजे खाजगी किल्लीचा पासवर्ड, विचारणारी चौकट येते, काका ती टंकतात, काम होतं. वर्षानुवर्षं कुरकुर नव्हती.

2024 च्या जानेवारीत काकांची पुतणी लग्न होऊन पुण्याला गेली. ऑफिसचं निम्मं काम तीच करायची, आणि काकांना तिला सोडायचं नव्हतं. मी वाड्यातल्या मशीनवर तिच्यासाठी एसएसएच, म्हणजे लांबून त्या मशीनला कमांड द्यायची वाट, उघडून दिलं. इथे माझी पहिली चूक. तिला वेगळं खातं न देता काकांच्याच खात्यात तिची एसएसएच किल्ली घातली. फाइली त्याच, फोल्डर तेच, किल्ल्या त्याच, मग दुसरं खातं कशाला, असा माझा हिशेब. पुढचं सगळं रामायण याच एका आळसातून निघालं.

फेब्रुवारीपासून तिची तक्रार सुरू झाली. "दादा, कधी होतं, कधी होत नाही." कमांड दिली की कर्सर नुसता लुकलुकत राहतो. पासफ्रेज विचारतच नाही. शेवटी कंट्रोल-सी करून बाहेर यावं लागतं. आणि कधीकधी तीच कमांड काही न विचारता दोन सेकंदांत काम करून मोकळी.

"कधीकधी" हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. मी तिला सांगितलं, वेळा लिहून ठेव. मुलगी हिशेबाच्या घरातली, तिने व्हॉट्सअ‍ॅपवर रोज वेळा पाठवायला सुरुवात केली. संध्याकाळी सात-पाच, चाललं. सात-बारा, चाललं. सात-चाळीस, अडकलं. दुसऱ्या दिवशी साडेनऊ, अडकलं. एका संध्याकाळी मात्र सात वाजल्यापासून सलग काम करत होती, दर पाच-सात मिनिटांनी एक फाइल, सगळ्या गेल्या. आणि नऊच्या सुमारास अचानक बंद. मी हे वाचलं, नेटवर्कला दोन शिव्या घातल्या आणि विसरून गेलो. उत्तर त्या वेळांतच लिहिलेलं होतं, ते मला महिनाभर दिसलं नाही.

तिने मधल्या काळात स्वतः बरंच करून पाहिलं. कुठल्यातरी जुन्या लेखातून पासफ्रेज कमांडमध्येच लिहायचा पर्याय उचलला. तो चालला नाही हे बरंच झालं, कारण तसं लिहिलेलं शेलच्या, म्हणजे कमांडी घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या, इतिहासात उरतं आणि मशीनवर चालू प्रक्रियांची यादी काढणाऱ्या कुणालाही दिसतं. न चालण्याचं कारण असं की ते लेख जीएनयूपीजीच्या 1.4 च्या काळातले. तेव्हा जीपीजी स्वतःच टर्मिनलवर, म्हणजे कमांड टंकायच्या खिडकीत, पासफ्रेज विचारायचं. नोव्हेंबर 2014 मध्ये 2.1 आलं आणि खाजगी किल्ल्यांचा सगळा कारभार जीपीजी-एजंट नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेला. आता जीपीजीला पासफ्रेज कळतच नाही. ते एजंटला म्हणतं, "एवढ्यावर सही करून दे." एजंटला पासफ्रेज हवा असेल तर तो पिन-एंट्री नावाच्या तिसऱ्याच प्रोग्रॅमला उठवतो आणि चौकट दाखवतो तो हा तिसरा. जुन्या पद्धतीने पासफ्रेज आत सरकवायचा तर पिन-एंट्री मोड लूपबॅक असं वेगळं सांगावं लागतं.

मग तिने एसएसएच कॅपिटल एक्स पर्यायाने जोडून पाहिलं, म्हणजे तिथली खिडकी इथे उघडेल. खिडक्या उघडत होत्या, अगदी रांगत. पासफ्रेजची तेवढी नाही. हाही एक धागा होता. तोही मी सोडला.

मार्चच्या मध्यात काकांचा फोन. "अरे, मशीनमध्ये व्हायरस आला वाटतं. मी पत्रकात आकडे भरून राहिलो होतो, अचानक सगळी स्क्रीन काळवंडली आणि मध्ये डबा आला. पासवर्ड मागतो! मी काही आयकॉन दाबला नव्हता. मी सरळ कॅन्सल मारलं." मी म्हटलं, "छान केलंत." आणि तिच्या त्या संध्याकाळच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं: आज नवीनच एरर, "ऑपरेशन कॅन्सल्ड". दोन्ही मेसेज माझ्या फोनमध्ये एकाखाली एक होते. कुणाला सांगायचीही लाज वाटते.

त्या वर्षी रंगपंचमी 30 मार्चला आली, शनिवारी. इंदूरबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, राजवाड्यापाशी पाण्याचे टँकर, गुलाल उडवणारी यंत्रं, तीन-चार मजल्यांपर्यंत उडणारा रंग. जुन्या शहरात गाडी घेऊन शिरायचं नाव नको. ऑफिस अर्थातच बंद. आणि पुण्याहून अकराला फोन: पीथमपूरच्या एका ग्राहकाला वर्ष संपायच्या आत सही केलेली फाइल हवी, उद्या रविवार, त्यांचा माणूस आजच बसलाय. कमांड अडकली.

मी सुदामा नगरात, अंगावर रंग, केसांत गुलाल. वाड्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं, म्हणून घरूनच एसएसएचने शिरलो आणि तीच सही करून पाहिली. माझंही अडकलं. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. वरच्या मजल्यावर फोन लावला.

"काका, जरा खाली जाऊन स्क्रीन बघता का?"

"आता? हात रंगलेत रे."

"असू द्या. मॉनिटरचं बटन दाबा फक्त."

ऑफिस बंद करताना काका मशीन बंद करत नाहीत, लॉकही करत नाहीत, मॉनिटरचं बटन तेवढं दाबतात. पायऱ्यांचा आवाज, कडी, मग थोडी शांतता. "अरे, तोच डबा! माझ्या नावाची किल्ली म्हणतो आणि पासफ्रेज मागतो."

"टंका."

काकांनी हिरव्या बोटांनी पासफ्रेज टंकला आणि सुदामा नगरात माझ्या टर्मिनलवर सही होऊन कर्सर पुढच्या ओळीवर आला. मी पुण्याला सांगितलं, आता लगेच तुझी कमांड दे. तिची न विचारता झाली. फाइल गेली.

म्हणजे चौकट न येण्याचा प्रश्नच नव्हता. ती प्रत्येक वेळी येत होती, बंद मॉनिटरच्या मागे, रिकाम्या ऑफिसात.

असं का होतं, हे काकांना मी मुनीमाच्या भाषेत सांगितलं आणि तेच इथे सांगतो. तिजोरीच्या किल्ल्या मुनीमाकडे. एका पेढीला एकच मुनीम. तसा एका खात्याला एकच एजंट, कितीही ठिकाणांहून लॉगिन करा. मुनीमाला सकाळी शेठ केबिनमध्ये दिसले. दिवसभरात फोनवरून कुणी म्हणालं "तिजोरी उघडा", तर तो परवानगी विचारायला केबिनमध्येच जाणार. फोनवरच्या माणसाने "मला इथेच विचार, माझा नंबर हा" असं सांगितलं नाही, तर तो बापडा दुसरं काय करेल?

यंत्राच्या भाषेत: काका सकाळी डेस्कटॉपवर लॉगिन करतात तेव्हा एजंटला त्या ग्राफिकल सत्राचा पत्ता मिळतो, डिस्प्ले शून्य, म्हणजे मशीनला जोडलेला मॉनिटर. पुढे एसएसएचवरून जीपीजी चालवलं तरी तेच एजंट उत्तर देतं. जीपीजी आपल्याकडची माहिती त्याला कळवतं: माझा डिस्प्ले हा, माझं टर्मिनल हे. पण एसएसएच सत्रात डिस्प्ले नसतोच, म्हणून तो रकाना कोरा जातो, आणि कोऱ्या रकान्यात एजंट स्वतःच्या सुरुवातीच्या आठवणीतला पत्ता भरतो. हे डोळ्यांनी पाहता येतं. जीपीजी-कनेक्ट-एजंट या प्रोग्रॅममधून एजंटला "गेटइन्फो एसटीडी_स्टार्टअप_एन्व्ह" विचारलं की तो आपली मूळ आठवण ओळीओळीने छापतो. मी रंगलेल्या हातांनीच ते विचारलं, आणि पहिल्याच नजरेत दिसलं: डिस्प्ले बरोबर, विसर्गासारखे दोन ठिपके आणि शून्य. वाड्यातला मॉनिटर.

वेळांचं कोडंही मग दोन मिनिटांत सुटलं. एजंट एकदा मिळालेला पासफ्रेज 600 सेकंद लक्षात ठेवतो, आणि दर वापराला ती दहा मिनिटं नव्याने सुरू होतात. मात्र पहिल्यांदा टंकल्यापासून 7200 सेकंद झाले की कितीही वापर चालू असो, विसरतो. हे मूळ ठरलेले आकडे आहेत, आपण काही न बदलता. आता तिच्या वेळा पुन्हा वाचा. काका सातच्या सुमारास शेवटची सही करून वर जायचे. सात-पाचला हिने कमांड दिली, चालली, कारण एजंट एकच आणि आठवणही एकच. सात-बाराला चालली, कारण सात-पाचने मुदत वाढवली होती. सात-चाळीसला गेली, मध्ये अठ्ठावीस मिनिटांचा खंड. आणि जी संध्याकाळ नऊला तुटली, ती दोन तासांची कमाल मर्यादा. हिला वाटायचं नेटवर्क चांगलं असेल तेव्हा चालतं. प्रत्यक्षात काका किती वाजता वर गेले, यावर ते अवलंबून होतं.

आता दुरुस्ती. इथेही मी एका दमात बरोबर केलं असं अजिबात नाही.

पहिली गोष्ट सगळे सांगतात तीच केली: एसएसएचमधल्या शेलमध्ये जीपीजी_टीटीवाय नावाच्या चलात (शेल लक्षात ठेवतो त्या रकान्यात) चालू टर्मिनलचं नाव ठेवायचं, जे "टीटीवाय" ही कमांड सांगते. केलं. काही फरक नाही, चौकट वाड्यातच. कारण उबुंटूच्या डेस्कटॉपवर पिन-एंट्रीचा जो अवतार बसतो तो नोम-3 चा, म्हणजे उबुंटूचा डेस्कटॉप चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा. तो टर्मिनल विचारत नाही, डिस्प्लेही विचारत नाही; तो डी-बसवरून, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात त्या वाटेवरून, नोमच्या डेस्कटॉपलाच सांगतो, "तू चौकट दाखव." त्या खात्याची डी-बस एकच, एसएसएचमधून आलात तरी तीच, आणि तिच्या टोकाला वाड्यातला मॉनिटर. कॅपिटल एक्सने जोडूनही खिडकी पुण्यात का उघडली नव्हती, ते इथे कळलं. तीच चौकट जीटीके किंवा क्यूटी या दुसऱ्या खिडकीवाल्या अवताराची असती, तर पुण्यात उघडली असती.

दुसरी गोष्ट म्हणजे जीपीजी-एजंटच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पिन-एंट्री म्हणून कर्सेस अवतार नेमला, जो टर्मिनलमध्येच चौकट आखतो, आणि जीपीजीकॉन्फ या सोबतच्या प्रोग्रॅमला सांगून एजंट बंद पाडला. तो गरज लागताच पुन्हा उठतो. माझ्या टर्मिनलवर सही करून पाहिली: आली! निळ्या-करड्या रेघांची ती कुरूप चौकट मला त्या क्षणी सराफ्यातल्या रबडीसारखी गोड वाटली. पुण्याला कळवलं, झालं काम, आणि अंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर फोनवर मेसेज: "इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस." माझं चालतं, तिचं नाही. तीच किल्ली, तेच मशीन, तेच खातं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ही एरर हजारो लोकांनी पाहिली असेल आणि बहुतेकांनी कुठूनतरी एक ओळ चिकटवून ती घालवली असेल, का गेली हे न कळता. मी हाताने कमांड देताना फाइलचं नाव पुढे लिहिलं होतं. तिची स्क्रिप्ट मात्र टार आणि जीपीजी यांना नळीने जोडते: टार गठ्ठा बांधतं आणि तो नळीतून जीपीजीच्या तोंडात जातो. जीपीजी_टीटीवाय नसेल तर जीपीजी आपल्या स्टँडर्ड इनपुटकडे बघून टर्मिनल ओळखतं. माझ्याकडे स्टँडर्ड इनपुट म्हणजे कीबोर्ड होता, तिच्याकडे नळी. नळीला टर्मिनलचं नाव नसतं. पिन-एंट्री त्या नसलेल्या टर्मिनलवर चौकट आखायला गेली आणि कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, सांगितलं, या वस्तूवर असलं काम होत नाही. एवढाच त्या भीतिदायक वाक्याचा अर्थ.

पण जीपीजी_टीटीवाय तर आम्ही ठेवलं होतं ना? मी ठेवलं होतं, माझ्या सत्रात, हाताने. तिच्याकडे नव्हतं. हे कळल्यावर तिने ती ओळ स्वतःच्या बुद्धीने स्क्रिप्टमध्ये घातली, तीही नळीच्या आतल्या भागात, आणि तरी अडलंच. तिथे "टीटीवाय" कमांड चालली तेव्हा तिच्याही इनपुटला नळीच होती, म्हणून तिने प्रामाणिकपणे उत्तर दिलं: "नॉट अ टीटीवाय". आणि चलात टर्मिनलच्या नावाऐवजी हे तीन शब्द जाऊन बसले. मी तिला म्हटलं, ते चल छापून दाखव. तिने छापलं आणि दोघंही फोनवर हसत बसलो.

ओळ डॉट-बॅशआरसीमध्ये, म्हणजे शेल सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये, हलवली, म्हणजे प्रत्येक नव्या शेलमध्ये, नळ्या-बिळ्या लागायच्या आधी, खऱ्या टर्मिनलचं नाव पकडलं जाईल. आणि जी कामं ती एसएसएचच्या पुढेच कमांड लिहून एका ओळीत करायची, तिथे स्मॉल टी पर्याय द्यायला सांगितला, कारण त्याशिवाय पलीकडे टर्मिनल तयारच होत नाही. शिवाय उबुंटूची डॉट-बॅशआरसी अशा वेळी सुरुवातीलाच परत फिरते, खाली लिहिलेलं काही वाचत नाही. म्हणून ती कामं आत शिरूनच कर म्हटलं. रविवारी तिने राहिलेल्या सगळ्या फाइली पाठवल्या.

सोमवारी, 1 एप्रिलला, सकाळी साडेदहाला काका. "आता माझंच बंद पडलं की रे! आयकॉन दाबतो, काहीच होत नाही. एप्रिल फूल करतोयस का?"

होणारच होतं. कर्सेसला टर्मिनल लागतं. काका आयकॉनवर क्लिक करतात त्यामागे टर्मिनल नाही. चौकट आखायला भिंतच नाही. मी पुतणीची सोय करताना काकांची काढून घेतली होती. ग्राफिकल नेमा तर लांबचा माणूस आंधळा, टर्मिनलवालं नेमा तर डेस्कटॉपवरचा आंधळा. आणि नेमणूक मात्र खात्यागणिक एकच.

यातून बाहेर पडायला एक छोटी वाट आहे, पण ती माहीत असणारे कमी. पिन-एंट्री_यूझर_डेटा नावाचं एक चल आहे. त्यात आपण जे लिहू ते जीपीजी एजंटला आणि एजंट पिन-एंट्रीला जसंच्या तसं पोचवतो. त्याचा अर्थ लावायचं काम आपलं. म्हणून मी पिन-एंट्रीच्या जागी स्वतःची चार ओळींची शेल स्क्रिप्ट नेमली. ती उठली की हे चल बघते. त्यात "कर्सेस" लिहिलेलं असेल तर कर्सेस अवताराला जागा देते, नाहीतर नोमच्या अवताराला. दोन्ही वेळा स्वतःला मिळालेले सगळे पर्याय पुढे देते. आणि डॉट-बॅशआरसीमध्ये दोन ओळी: एसएसएच_कनेक्शन हे चल भरलेलं असेल, म्हणजे माणूस लांबून आला असेल, तर पिन-एंट्री_यूझर_डेटामध्ये "कर्सेस" लिही, नसेल तर काही करू नको. स्क्रिप्ट चालवण्याची परवानगी द्यायला मी विसरलो, त्यात पाच मिनिटं गेली. मग काकांचा आयकॉन चालला, पुण्याचं टर्मिनल चाललं.

माझी खात्री पटावी म्हणून एजंटची नोंदवही तासभर चालू ठेवली होती, डीबग-पिन-एंट्रीसकट. त्यात सुंदर दिसतं: एका जोडणीत "ऑप्शन टीटीवायनेम", पुढे डेव्ह-पीटीएस-2, दुसरीत डिस्प्ले. कोण कुठून आलं ते स्वच्छ. पण ती नोंदवही काम झाल्याबरोबर बंद करून फाइल पुसली. तेवढ्या खोलवरच्या नोंदीत गुप्त गोष्टीही उतरू शकतात, आणि ज्या मशीनवर चाळीस कारखान्यांचे पगार आहेत तिथे असली फाइल विसरून जाणं परवडणारं नाही.

चार दिवसांनी, पगाराच्या घाईत, सात तारखेच्या आधी सगळ्यांचे पगार निघायचे असतात, तेव्हा काका पुन्हा ओरडले: डबा आला! पुतणी शपथेवर सांगत होती की तिने काही बदललेलं नाही. तिने खरंच काही बदललं नव्हतं. त्या दिवशी ती टीमक्समध्ये शिरली होती, म्हणजे टर्मिनलचं सत्र चालू ठेवून दुसरीकडून पुन्हा उचलू देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. ऑफिसात दुपारी मी स्वतः डेस्कटॉपवर बसून टीमक्सचं सत्र उघडलं होतं, मोठी फाइल चालू होती म्हणून ते तसंच सोडलं होतं. संध्याकाळी तिने पुण्याहून तेच सत्र उचललं. टीमक्सच्या आतला शेल दुपारी जन्मलेला, काकांच्या स्क्रीनसमोर. त्याच्या हिशेबी तो अजून तिथेच. एसएसएच_कनेक्शन त्याला ठाऊक नाही, म्हणून "कर्सेस" लिहिलेलं नाही, म्हणून चौकट वाड्यात. टीमक्स नव्याने जोडताना डिस्प्ले, एसएसएच_कनेक्शन अशी काही चलं ताजी करतं खरं, पण ती नव्या उघडलेल्या तुकड्यांना मिळतात. आधीच्या चालू शेलच्या डोक्यातलं बदलत नाही. तिला सांगितलं, आत शिरलीस की नवा तुकडा उघड आणि तिथे काम कर. चाललं. उलटंही होतं, हे लगेच लक्षात आलं: तिने उघडलेलं सत्र काकांच्या डेस्कवरून उचललं तर तिथे टर्मिनलमध्येच विचारणार. ते एक वेळ चालतं, निदान समोर तरी दिसतं.

एवढं झाल्यावर मी ठिगळं लावणं थांबवलं. मूळ गोष्ट जी जानेवारीत करायला हवी होती ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात केली: पुतणीला स्वतःचं खातं. वेगळ्या खात्याला वेगळा एजंट, वेगळी सॉकेट, वेगळी आठवण. तिच्या खात्याने त्या मशीनवर कधी डेस्कटॉप उघडलेलाच नाही, म्हणून दाखवायला दुसरा मॉनिटरच नाही. कर्सेस थेट नेमलं, मधली स्क्रिप्ट तिथे लागतच नाही. सहीसाठी तिची स्वतःची किल्ली केली, आणि ग्राहकांना कळवलं की आता दोन सह्या ओळखायच्या. एका ग्राहकाच्या माणसाने दोनदा फोन करून खात्री केली, ते मला आवडलं.

काका सुरुवातीला कुरकुरले. "अजून एक किल्ली? घरचीच पोर आहे." मी म्हटलं, "काका, मार्चमध्ये त्या डब्यात तुमच्याऐवजी झाडूवाल्या मावशींनी काही टंकलं असतं तर? किंवा तुम्हीच घाईत टंकून दिला असता? कुणाच्या कागदावर सही केली हे तुम्हाला कळलं असतं का?" ते गप्प झाले. चौकटीवर किल्लीचं नाव असतं, सही मागणारा पुण्यात आहे की सुदामा नगरात, हे नसतं. कॅन्सल मारलं ते योग्यच केलं होतं. "छान केलंत" हे मी न समजता म्हणालो, एवढंच.

जाता जाता नोमच्या चौकटीतला तो "आपोआप उघड" असा टिकमार्कही बंद केला. त्यावर टिक केली तर पासफ्रेज डेस्कटॉपच्या पासवर्डांच्या कपाटात जातो आणि दहा मिनिटं, दोन तास हा सगळा हिशेबच उरत नाही. एजंटच्या फाइलमध्ये "नो-अलाउ-एक्सटर्नल-कॅश" ही एक ओळ लिहिली की तो पर्याय दिसतच नाही. काकांना तो दिसला असता तर त्यांनी पहिल्याच दिवशी टिक केली असती, हे त्यांनीच सांगितलं.

चार ओळींची ती स्क्रिप्ट काकांच्या खात्यात अजून आहे, कारण मी सुदामा नगरातून अधूनमधून त्यातच शिरतो. माझं वेगळं खातं अजून केलेलं नाही.